वाक्यात उपयोग करा

बोरस्ते सरांच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मंगलाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात नारळ फोडला आणि नवऱ्याला बजावलं, "आता तरी माझ्या पलंगाखालचे खोके हलवा."

खोक्यांमध्ये शब्द होते. खंडेराव बोरस्ते सर कॉलेजात मराठी शिकवायचे. शिकवता शिकवता आणि निवृत्त झाल्यावर तर झपाटल्यासारखे त्यांनी नाशिक जिल्ह्याच्या बोलींमधले शब्द गोळा केले होते. एका शब्दाला एक कार्ड. बुटांचे, साड्यांचे, मिठाईचे, जे हाताला लागतील ते खोके त्या कार्डांनी भरलेले. या सगळ्याचा एक कोश करायचा, हा सरांचा ध्यास. आणि तो कॉम्प्युटरवर करायचा, हे १९९८ साली त्यांच्या मनात भरवलं त्यांच्या पुण्यातल्या मुलीने. आपल्या ऑफिसातलं जुनं मशीन तिने स्वस्तात मिळवलं आणि टेम्पोत घालून धाडून दिलं. मशीन तर आलं, पण चालवणार कोण?

म्हणून छाया आली.

छाया मखमलाबादची. वडील कोंडाजी यांचा तिथे मळा. झेंडू, शेवंती आणि पालेभाजी. पहाटे फुलं तोडून आठच्या आत कॉलेज रोडवरच्या कॉम्प्युटर क्लासात पोचणारी आणि केसांत अडकलेली झेंडूची पाकळी भर वर्गात सापडणारी ही मुलगी फॉक्सप्रो शिकवायची. म्हणजे माहिती साठवायची कशी, शोधायची कशी, तिचे तक्ते मांडायचे कसे, ते. पण उदाहरणं ठरलेली. नाहीतर दुकानातला माल, नाहीतर कामगारांचे पगार. त्याचा तिला मनस्वी कंटाळा आला होता. एक दिवस धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ क्लासच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "बाळ, यात शब्द साठवता येतात का?"

छायाला हसू आलं. "नटबोल्ट साठवता येतात सर, शब्द का नाही येणार?"

दुसऱ्या दिवसापासून दुपारचा क्लास संपला की ती गंगापूर रोडला सरांच्या घरी जाऊ लागली. तिने तक्ता आखला. एका रकान्यात शब्द, मग अर्थ, मग गाव, मग सांगणाऱ्याचं नाव. सर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "आणखी एक रकाना कर. वाक्याचा."

"वाक्य कशाला सर? अर्थ आहे की."

"अर्थ सांगून शब्द कळत नाही गं. बोलणाऱ्याच्या तोंडचं वाक्य पाहिजे. शाळेत नव्हतं का, 'वाक्यात उपयोग करा'? तसं."

छायाने वाक्याचा रकाना केला. पुढे जे काही घडलं ते या एका रकान्यामुळे.

कार्डं एकट्या सरांचीच नव्हती. जिल्हाभर त्यांची माणसं पसरलेली. चांदवडला झुंबर गुरुजी होते, शाळेतून निवृत्त झालेले, आवाज असा की घंटेची गरज पडू नये. बागलाणची, म्हणजे सटाण्याकडची कार्डं आणायचा शेखर. तो ओझरला विमानाच्या कारखान्यात सुट्या भागांच्या गोदामावर होता. राहायलाही ओझरलाच, पण मूळ गाव सटाण्याजवळ आणि घरची बोली अहिराणी. महिन्यातून एकदा गावी जायचा, आईच्या आणि आत्याच्या तोंडचे शब्द टिपून आणायचा आणि रविवारी सकाळी स्कूटरवरून सरांकडे पोचते करायचा. छायाने त्याला दोन-चारदा पाहिलं होतं. उंच, सडपातळ, बोलायला लागला की कानाच्या पाळ्या लाल होणारा. दोघांचं बोलणं 'नमस्कार मॅडम', 'कार्डं इथे ठेवा' याच्या पुढे गेलं नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला झेंडूला असा काही भाव आला की मळ्यातून हलायची सोय नव्हती. छायाने दोन आठवडे सुट्टी घेतली. दिवाळीच्या तोंडावर ती परत आली आणि साठलेली कार्डं भरायला बसली. एका कार्डाशी मशीन टुंग करून अडलं. तिनेच तशी व्यवस्था करून ठेवली होती. एक शब्द एकदाच घ्यायचा, म्हणजे चुकून तेच कार्ड दोनदा भरलं तर कळावं. शब्द होता 'गंज'. तो तर तिने कधीच भरला होता, 'लोखंडाला चढतो तो'. तिने शेखरच्या कार्डावर लाल पेनाने 'शब्द आधीच आहे' असं लिहिलं आणि ते परतीच्या गठ्ठ्यात टाकून दिलं.

रविवारी शेखर आला तो ते कार्ड हातात धरूनच.

"मॅडम, माझा गंज का परत केला?"

"आधीच आहे. मशीन दुसरा घेत नाही."

"मग मशीनला समजावून सांगा ना. तुमचा गंज लोखंडाला चढतो. आमच्याकडे गंज म्हणजे पुष्कळ."

स्वयंपाकघरातून मंगलाबाईंचा आवाज आला, "आणि आमच्या माहेरी गंज म्हणजे भात शिजवायचं भांडं! तोही घाला म्हणावं."

सर मांडीवर थाप मारून हसायला लागले. छायाही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की चूक मशीनची नाही, आपल्या तक्त्याची आहे. सगळं एकाच तक्त्यात कोंबलं होतं. त्या आठवड्यात तिने तो मोडला आणि दोन केले. एका तक्त्यात नुसते शब्द, प्रत्येक एकदाच, प्रत्येकाला एक क्रमांक. दुसऱ्यात अर्थ, गावं आणि वाक्यं. एका क्रमांकाखाली हवे तितके अर्थ मांडा. आता गंजाला तीन अर्थ मिळाले आणि तिन्ही सुखाने नांदू लागले. शेखरचं कार्ड पुन्हा भरताना मात्र तिने खालचं वाक्य पहिल्यांदा नीट वाचलं.

'गंज दिन झायात, तू दखायनी नही.'

"सर, याचा अर्थ काय हो?"

"पुष्कळ दिवस झाले, तू दिसली नाहीस," सर पेपरातून मान वर न करता म्हणाले. "छान आहे वाक्य. अगदी घरातलं."

छायाने कार्डाच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. दसऱ्याच्या नंतरची होती. काहीतरीच, असं ती स्वतःला म्हणाली, आणि त्या संध्याकाळी मखमलाबादच्या बसमध्ये कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं तेव्हा कुठे तिला ऐकू आलं.

सरांची पद्धत अशी की आठवड्याचे नवे शब्द दर रविवारी छापायचे आणि कार्डं आणणाऱ्यांना तपासायला द्यायचे. तो जुना प्रिंटर किर्र किर्र करत भोकाभोकांचा लांबच लांब कागद ओकायचा. त्या कागदावर सगळ्यांचे शब्द असायचे. सरांनी छायालाही सांगून ठेवलं होतं, "तुझ्या मळ्यातले शब्द तूच घाल. वाक्यंही तुझीच."

पुढच्या आठवड्यात शेखरची कार्डं भरून झाल्यावर छायाने खाली आपला एक शब्द घातला. वानोळा. अर्थ, शेतात पिकलेलं थोडंसं काही प्रेमाने नातेवाइकांना, ओळखीच्यांना देणं. वाक्य लिहिताना तिची बोटं जरा थबकली, मग भराभर चालली. 'बागलाणची माणसं म्हणे डाळिंबं पिकवतात, पण वानोळा काही आणत नाहीत.'

त्याच्या पुढच्या रविवारी शेखर आला तो पिशवीभर डाळिंबं घेऊन.

"अरे वा! आम्हाला?" सर खूश.

"हो... म्हणजे सगळ्यांनाच," शेखर म्हणाला. कानाच्या पाळ्या डाळिंबाशी स्पर्धा करत होत्या. मंगलाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कीबोर्डवर उगाचच वाकलेल्या छायाकडे पाहिलं, आणि डाळिंबं सोलायला घेतली.

झालं. तेव्हापासून दर आठवड्याला एक शब्द त्याचा आणि एक तिचा. समोरासमोर अजूनही 'मॅडम' आणि 'अहो' चाललं होतं. वाक्यात मात्र 'तू'. शब्दकोशाच्या वाक्यात कोणी कोणाला अहोजाहो करतं का? छाया त्याची कार्डं भरायची आणि लगेच खाली आपला शब्द घालायची. तो रविवारी कागद घेऊन जायचा, आणि पुढच्या कार्डांत उत्तर असायचं. मळ्यात फुलं तोडताना ती मनातल्या मनात शब्द हुडकायची. आई नवसाबाई म्हणायची, "आगं, तोडायची फुलं नि पाहती कुठं? देठासकट तोड." एरवी कंटाळवाणं वाटणारं हे काम त्या हिवाळ्यात तिला गोड वाटायला लागलं होतं. सांगायचं कोणाला हा प्रश्नच नव्हता. कोशात सगळं लिहिलेलं होतंच आणि ते कोणाला दिसत नव्हतं, कारण बाकीचे तपासायला बसले की फक्त आपापल्या तालुक्याचे शब्द पाहायचे.

फेब्रुवारीत सरांनी चांदवडच्या वाचनालयात बैठक ठरवली. एवढे शब्द झाले, तर आता नमुन्याची पानं सगळ्यांसमोर ठेवायची, वाचायची, चुका काढायच्या. मळ्याच्या शब्दांना जाणकार माणूस हवा म्हणून त्यांनी कोंडाजींनाही बोलावलं. "मला वो काय कळतंय त्यातलं?" असं म्हणत कोंडाजींनी नवीन टोपी काढली.

बैठकीच्या आदल्या दिवशी छायाने मशीनला हुकूम दिला, सगळे शब्द अकारविल्हे लाव आणि छाप. कागद बाहेर आला तो वाचून सरांचा चष्मा नाकावरून घसरला.

"हे काय? विळ्याशेजारी किडा, किड्याशेजारी शिंकाळं, शिंकाळ्याशेजारी चिखल? ही कुठली बाराखडी?"

छायाने कपाळाला हात लावला. गोम फाँटात होती. पहिली वेलांटी आपण लिहितो ती अक्षराच्या डाव्या अंगाला, आणि तो फाँटही ती अक्षराच्या आधीच साठवायचा. मशीनला शब्द वाचता थोडाच येतो? त्याला सगळ्यात पुढे काय दिसलं, तर वेलांटी. मग पहिल्या वेलांटीचे जेवढे शब्द तेवढे सगळे त्याने गोळा करून एका रांगेत बसवले होते.

"दुरुस्त होईल ना?"

"होईल सर, पण उद्यापर्यंत नाही."

"मग जसे भरले त्या क्रमाने छाप. शेवटचे शंभरेक शब्द पुरे नमुन्याला. माणसं शब्द बघायला येणार आहेत, क्रम नाही."

वीज जायची वेळ होत आली होती. छायाने घाईघाईने हुकूम बदलला, किर्र किर्र करत पानं बाहेर आली, सरांनी ती तशीच झेरॉक्सच्या दुकानात धाडली. वाचून पाहायला कोणाला सवड होती?

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचा हॉल माणसांनी भरला. सतरंजीवर सगळे मांडी घालून बसले. मंगलाबाई होत्या, सर होते, मागे भिंतीला टेकून कोंडाजी. शेखर दाराजवळ. प्रत्येकाच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा. वाचायचं काम आपसूक झुंबर गुरुजींकडे आलं. त्यांनी घसा खाकरला आणि शब्द, अर्थ, वाक्य अशा चढत्या सुरात सुरुवात केली. पहिलं पान ठीक गेलं. नांगराचे भाग, बैलांचे रंग. दोन ठिकाणी वाद झाले, चहा आला. दुसरं पान उलटलं.

"आखो. म्हणजे आणखी. वाक्य, 'आखो एक डाव हास.' वा! म्हणजे आणखी एकदा हस. पुढे. खुडणे. म्हणजे नखाने तोडणे. वाक्य, 'फुलं पहाटे खुडावीत, दिवसभर हसत बसू नये.'"

छायाच्या हातातला कप तसाच राहिला. तिने पान पाहिलं. भरलेल्या क्रमाने छापलं होतं. त्याचा शब्द आणि खाली तिचा. त्याचा शब्द आणि खाली तिचा. अकारविल्हे लावले असते तर ते दहा दिशांना पांगले असते, पण इथे एकाखाली एक असे बसले होते की दोन माणसांनी ओट्यावर बसून गप्पा माराव्यात.

"मव्हरे. म्हणजे पुढे," गुरुजींचा आवाज आता रंगात आला होता. "वाक्य, 'तू मव्हरे चाल, मी मांगे येस.' सावड. म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम करणं. वाक्य, 'कोणी पुढे नको नि कोणी मागे नको, सावड करावी.'"

"क्या बात है," कोणीतरी म्हणालं. इकडेतिकडे कागद खालीवर होऊ लागले. माणसं पुढचं वाचायला लागली होती. छायाला वाटलं, आत्ता वीज जावी. पण भर दुपार होती, वीज जाऊन काय उपयोग? दाराजवळ शेखर चौकटीला असा चिकटून उभा होता की जणू चौकटीचाच भाग.

गुरुजी मात्र थांबायला तयार नव्हते. "आंडेर. म्हणजे मुलगी. वाक्य, 'मखमलाबादनी आंडेर, मन्ही मायले गंज आवडी.'" ते क्षणभर अडखळले, पण चाळीस वर्षं वर्गात वाचलेला माणूस सुरू केलेलं वाचन अर्ध्यात सोडत नाही. "आवतन. म्हणजे आमंत्रण. वाक्य, 'आवतन द्यायला आधी घरची मोठी माणसं यावी लागतात.' पुढचा शब्द... कुळव."

कुळवाचं कोणालाही काही पडलेलं नव्हतं. आधी मंगलाबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि मग जो हशा उसळला तो वाचनालयाच्या कपाटांच्या काचांनाही ऐकू गेला असेल. सर तेवढे भाबडेपणाने विचारत होते, "काय झालं? अहिराणी चुकली का?"

हशा ओसरला तो कोंडाजी उभे राहिल्यामुळे. त्यांनी टोपी सारखी केली. छायाची नजर सतरंजीच्या दोऱ्यांत रुतून बसली.

"गुरुजी, त्या मखमलाबादच्या पोरीचं जरा पुन्हा वाचा."

गुरुजींनी वाचलं, या वेळी हळू.

"अन् ह्याचा मराठीत अर्थ?"

"मखमलाबादची मुलगी माझ्या आईला फार आवडेल."

"अस्सं." कोंडाजींनी शेखरकडे पाहिलं. "कारखान्यात हायेस ना तू? वानोळ्याची डाळिंबं आणणारा?"

म्हणजे बाबांनाही दिसत होतं! घरी तिने एकच डाळिंब नेलं होतं, तेही मंगलाबाईंनी दिलं म्हणून सांगून. शेखर शाळेत गुरुजींनी उभं करावं तसा ताठ झाला. "हो काका."

"मग खाली लिवलंय ना, आधी मोठी मानसं यावी लागतात म्हनून. आमची पोरगी सांगून ऱ्हायली, तू कशाची वाट पाहतोय?"

"काका, येत्या रविवारी आणतो," शेखर म्हणाला, इतक्या घाईने की वाक्य संपायच्या आत पुन्हा हशा पिकला.

"रविवारी नको बाबा. रविवारी फुलांना लय गिऱ्हाईक अस्तं. सोमवारी आण."

परत येताना सरांच्या गाडीत छाया मंगलाबाईंच्या खांद्यामागे तोंड लपवून बसली होती. कोंडाजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून कांद्याच्या भावाची चौकशी करत होते, जणू दिवसभरात याहून मोठं काही घडलंच नव्हतं. ओझर मागे पडल्यावर ते मागे वळले आणि म्हणाले, "सावड चांगला शब्द घातला तू." एवढंच. छायाला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली.

घरी नवसाबाईंना मुलगा पसंत नव्हता असं नाही. नोकरी होती, घरचं शेत होतं, नात्यातून चौकशी केली तर सगळे चांगलंच बोलले. त्यांची काळजी निराळी. "त्यांची भाषा आपल्याला उमजत नाय. पोरगी तिथं बोलंल काय, अन् ईहिणीशी मी बोलू काय?"

सोमवारी पाहुणे आले. शेखरचे वडील अबोल, हसून मान डोलावणारे. आई कुसाबाई मात्र दारातून आत येतानाच बोलत आल्या आणि त्यांचं एक वाक्य नवसाबाईंना कळलं तर दोन डोक्यावरून गेली. दोघी एकमेकींकडे पाहून नुसत्या हसत राहिल्या. जेवायची वेळ झाली. नवसाबाई नवं कोरं पितळी पातेलं घेऊन आमटी वाढायला आल्या. एक पळी वाढली, दुसरी वाढली, तिसरी वाढायला गेल्या तशी कुसाबाईंनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "गंज झायं माय, गंज झायं!"

नवसाबाईंचा चेहरा उतरला. पातेलं घेऊन त्या तशाच माघारी स्वयंपाकघरात आल्या आणि ते खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहायला लागल्या. "छाया, पाहुण्या म्हनत्यात गंज चढला. आगं, पितळंला गंज कसा चढंल? कालच तर चिंच लावून घासलं!"

छाया ओट्याला धरून हसत सुटली. हसू आवरेना म्हणून तिने तोंडात पदर कोंबला. "आई, गंज म्हणजे पुष्कळ! पुष्कळ झालं म्हणतात त्या, पोट भरलं!"

नवसाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. क्षणभर लेकीकडे पाहिलं. मग त्या तरातरा बाहेर गेल्या आणि स्वतःच्या तोंडाने, हातवारे करून, सगळा किस्सा कुसाबाईंना सांगून मोकळ्या झाल्या. कुसाबाईंना ठसका लागला. पाणी पिऊन झालं तरी त्या मधूनच "पितयनं पातेलं!" म्हणून डोळे पुसत होत्या. त्यानंतर दोघी पार दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या. कोणाला कोणाचं किती कळत होतं देव जाणे, पण निघताना नवसाबाईंनी आग्रहाने मेथीच्या जुड्या बांधून दिल्या आणि कुसाबाईंनी त्या न लाजता घेतल्या. लग्न वैशाखात धरलं.

आता शेखर रविवारी सरांकडे राजरोस यायचा आणि छायाच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचा. पण वेलांटीचा घोळ तसाच होता आणि त्याने छायाची झोप उडवली होती. एका रविवारी तिने वैतागून कीबोर्ड बाजूला सारला. "दिसायला शब्द बरोबर, रांगेत मात्र चुकीचा. काय करू याला?"

"आमच्या गोदामात नावाने काहीच ठेवत नाहीत," शेखर म्हणाला. "एकाच खिळ्याला चार जण चार नावं देतात. आम्ही प्रत्येक भागाला नंबर लावतो आणि नंबराने मांडतो. नाव फक्त बघायला."

छाया त्याच्याकडे पाहत राहिली.

"काय झालं?"

"थांब. बोलू नकोस." अहो-जाहो दोघांमधून कधी गळून पडलं होतं ते त्यांनाही कळलं नव्हतं.

तिने आणखी एक रकाना केला, कोणाला न दिसणारा. त्यात प्रत्येक शब्दाचं अक्षर न् अक्षर सोडवून आकड्यांत लिहायचं. अ ला एक, आ ला दोन, असं थेट ज्ञ पर्यंत. वेलांटी पुढे असली तरी आकडा लिहिताना ती उचलून अक्षराच्या मागे ठेवायची. छापायचा शब्द, पण रांग लावायची आकड्यांवरून. ऐकायला सोपं, करताना जीव मेटाकुटीला आला. जोडाक्षरं त्रास देत होती. रफार तर महाहट्टी, तो दिसायचा एकावर आणि असायचा दुसऱ्याचा. छाया सूत्र लिहायची, शेखर सटाण्याचे आडनिडे शब्द घालून ते मोडून दाखवायचा, ती चिडायची, पुन्हा लिहायची. लग्न लागलं, सत्यनारायण झाला, ओझरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं, आणि रफार काही बधेना. शेवटी पावसाळ्यात एका दुपारी मशीनने कागद सोडायला सुरुवात केली. सर प्रिंटरपाशी उभे राहून पान निघेल तसं वाचत होते. अंकुर, अंगठा, अंगत-पंगत. विळा व मध्ये होता. किडा क मध्ये. कर्णा, कर्ती, आपल्या जागी. सरांनी कागदाची ती लांब पट्टी उपरण्यासारखी गळ्याभोवती घेतली आणि मंगलाबाईंना हाक मारत घरभर फिरले.

कोश छापायला जायच्या आधी त्यांनी छायाला बाजूला घेऊन विचारलं, "ती वाक्यं ठेवायची की बदलायची? तुझी इच्छा."

"राहू द्या सर. आता पांगलीत ती. कोणाला शोधायची तर शोधू देत."

"'मखमलाबादनी' तेवढं काढू का?"

"ते नाही हं सर," दारातून शेखर म्हणाला.

२००१ च्या जानेवारीत नाशिकला प्रकाशन झालं. पाहुण्यांची भाषणं थोडक्यात आटपली आणि सरांनी हौसेने विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? सुरगाण्याकडची एक बाई उठली. कडेवर मूल, हातात नुकताच घेतलेला कोश. म्हणाली, आमच्याकडचे भाताचे शब्द यात फारच थोडे आहेत. तिचं संपायच्या आत निफाडचे एक जण उठले, त्यांच्या गावात 'कुळवा'ला भलतंच नाव होतं. मग पेठचे, येवल्याचे. झुंबर गुरुजी तालुक्याप्रमाणे रांग लावा म्हणून ओरडत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. कोश बाजारात येऊन दोन तास झाले नव्हते तोच तो अपुरा ठरला होता, आणि सर व्यासपीठावर लग्नघरातल्या यजमानासारखे फुलून गेले होते. छाया व्यासपीठाच्या पायरीवर बसून मिळेल त्या कागदावर लिहीत होती. शेखर प्रत्येकाला विचारत होता, गाव कोणतं, सांगणाऱ्याचं नाव काय.

हॉलची वेळ संपली. चौकीदाराने पंखे बंद केले, दिवे मालवले, तरी माणसं हटेनात. सगळी गर्दी बोलत बोलत बाहेर आली आणि पायऱ्यांवर बसली. चौकीदार कुलूप लावून किल्ल्या खुळखुळवत थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग तो छायाच्या शेजारी पायरीवर टेकला आणि म्हणाला, "बाई, ते मगाशी शिंकाळ्याचं चाललं होतं ना? आमच्या सिन्नरला त्याला निराळंच म्हणतात."

छायाने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.